तपासणीच्या आदल्या दिवशी वाटलेली गुडदाणी

काय सांगू राव, आधीच हसू नका! माझ्या संशोधनापायी एका भल्या मास्तरांची नोकरी जाता जाता राहिली.

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात मी शिकतोय, इतिहास कसा शिकवावा ते. हो, आता त्याचंही शास्त्र होतंय! पोरं पाठ काय म्हणतात ते सोडा. त्यांच्या डोक्यात जुना काळ खरा कसा दिसतो, ते शोधायचं. म्हणून लोणावळ्याला उतरलो, खाऊला भरपूर गुडदाणी, म्हणजे गूळ-शेंगदाण्याची चिक्की, घेतली आणि टांग्यानं कार्ल्याकडच्या एका वाडीतली शाळा गाठली.

तिथल्या मास्तरांना सगळे आबा म्हणतात. आबांनी हातच जोडले. "उद्या शाळाखात्याचे डिप्टीसाहेब तपासणीला यायचेत. मागच्या खेपेला शेरा वाईट पडलाय. औंदा पोरं चुकली तर मला घरी बसवतील. जरा बेतानं घ्या."

"छे हो, आबा! मी काय पोरांना खातोय?"

वर्गात विचारलं, "समोरच्या डोंगरातली लेणी कुणी कोरली?" पोरांनी एका सुरात पुस्तकातलं म्हणून दाखवलं. म्हटलं, "पुस्तक ठेवा बाजूला. तुम्हाला मनातून काय वाटतं?"

मग मागून सखू नावाची एक पोर उठली.

"पांडवांनी. एका रातीत."

मी उडालोच! अहो, आमच्या शास्त्रात असल्या उत्तराला सोन्याचा भाव! तिथल्या तिथं तिच्या हातावर गुडदाणी ठेवली.

आणि तिथंच घात झाला. पोरंच ती!

"न्हाई जी, माज्या आज्यानं कोरली!" घे गुडदाणी.

"आगगाडीवाल्या सायबानं!" घे गुडदाणी.

मी खुशीत, आणि आबा कोपऱ्यात घाम पुसतायत.

रात्री आबांकडेच जेवलो, झोपलो. सकाळी डिप्टीसाहेब आले. मी आपला दाराशी उभा. त्यांनी सोप्पा प्रश्न टाकला, "शिवाजीमहाराजांचा जन्म कुठं झाला?"

"आमच्या वाडीत, जी!" सखू ओरडली, आणि हात पुढं केला.

"न्हाई, आमच्या गोठ्यात!" दुसरा हात. बघता बघता सगळा वर्ग हात पसरून उभा!

डोक्यावरची टोपी काढून आबांनी हातात धरली.

धावलो पुढं. "साहेब, दोष माझा! कालपर्यंत यांना सगळं बिनचूक येत होतं. चुकीच्या उत्तराला गुडदाणी मी वाटली!" आमचं शास्त्रही समजावलं, अगदी हातवारे करून.

डिप्टींच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पोरांकडे वळून ते एवढंच म्हणाले, "गुडदाणी संपली. आता पुस्तकातलं सांगा."

पोरांनी जे खडाखड म्हणायला सुरुवात केली, ती थांबेचनात! आबांना चांगला शेरा मिळाला, टोपी परत डोक्यावर गेली.

जाताना डिप्टींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं शास्त्र मोठं आहे. फक्त कुठल्या शाळेत जाणार ते आधी कळवत चला. मी तिथली तपासणी आदल्या दिवशी उरकून घेईन."