वर सरकवलेली रेघ

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. इंजिनिअर होऊन बांधकाम खात्यात लागलो, सोलापुरात सात रस्त्याजवळच्या ऑफिसात टेबल मिळालं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात साहेबांनी भीमेवरच्या नावा तपासायला पाठवलं. पावसाळ्यात कुठली नाव चालवायची, कुठली नाही, हे मी ठरवायचं. मंगळवेढ्याकडच्या एका उतारावर माणसं पैलतीरी नेणारी नाव माझ्या मामाची होती. शाळेची सगळी वर्षं मी त्याच्याच घरी जेवलो होतो. साहेबांना हे ठाऊक नव्हतं, आणि सांगायची मला गरज वाटली नाही.

मामानं नाव वाळूत ओढून, डांबर फासून तयार ठेवली होती. पुढच्या टोकाला हळदकुंकू, शेजारी फोडलेला नारळ. गावकरी जमलेले. नावेच्या अंगावर बाहेरून एक पांढरी रेघ असते. पाणी तिला टेकलं की आणखी माणसं घ्यायची नाहीत. पुस्तकात तिला भाररेषा म्हणतात. मामाची रेघ वीतभर वर होती. जुनी रेघ खाली डांबरातून अजून डोकावत होती.

"मामा, ही रेघ कुणी हलवली?"

"म्या. बाजारची माणसं वाढली, शेरडं वाढली. रेघ तितंच ठिवून कसं भागंल?"

लोक हसले. एक जण म्हणाला, "सायबाचा मामा हाय. रेघ पार काठाला नेली तरी चालतंय की."

माझं डोकं फिरलं. मी वाकून तळाच्या फळीत पेचकस खुपसला. मुठीपर्यंत आत गेला. शेजारच्या फळीतही तसाच. डांबराखाली नुसता ओला भुसा होता.

"निकामी," मी सोबतच्या शिपायाला लिहायला सांगितलं.

मामा जवळ आला. "बाळा, फळ्या दिवाळीला बदलतो. एवढा पावसाळा जाऊ दे. नाव थांबली तर आमी खायचं काय?"

"आणि मी नाहीच म्हणालो तर?"

"तर काय. तू सोलापुरात, नदी हितं."

म्हणजे मी पाठ फिरवली की तो नाव पाण्यात सोडणार. मी गर्दीतल्या सुताराला तळ फोडायला सांगितलं. सुतार गावचाच. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. मी ती उचलून मामाच्या हातात दिली.

"तुम्हीच फोडा. नाहीतर उद्या पोलीस घेऊन येतो."

मामाला मी कधी तुम्ही म्हणालो नव्हतो. तो चपला काढून नावेत चढला. दोन घावांत तळ फुटला. कुजकं लाकूड, धड आवाजही झाला नाही. पण तो घाव घालतच राहिला. शेवटी मीच "बास" म्हणालो.

कुणी विचारलं तर आजही सांगतो, तसली नाव मी पुन्हा फोडायला लावीन. पुरात पोरं बुडाली असती, तर हेच हसणारे लोक माझ्या ऑफिसात शिव्या घालायला आले असते.

दुपारी मामाच्या घरी मामीनं शिपायाला वाढलं, ड्रायव्हरला वाढलं, सुताराला वाढलं.

"त्याला बी वाढ," मामा म्हणाला.

मामीनं मान वर केली नाही. "कुजक्या नावंवरची भाकर सायेब लोकं खात न्हाईत. त्यास्नी मंगळवेढ्यात हाटेल हाय."

मी जीपमध्ये जाऊन बसलो. ड्रायव्हरनं आणखी एक भाकरी मागून घेतली.