दातांच्या डॉक्टरांची रायफल

कारखान्यातून बाहेर पडलेली वस्तू ही पुरी झालेली वस्तू असते असं मानणारी सगळी दुनिया एका बाजूला, आणि आमचे दातांचे डॉक्टर एकटे दुसऱ्या बाजूला. मुलांनो, तुमच्या आईचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढले होते, ते तारा लावून ज्यांनी सरळ केले तेच हे. इथे लंडनला हॅरोमध्ये आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात, तुमच्या आजोबांचे जवळचे मित्र. तुम्ही तिकडे मेलबर्नला, त्यामुळे तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, आणि अशी माणसं फोनवर सांगून होत नाहीत, म्हणून लिहिते आहे. त्यांच्या मते कारखाना वस्तू बनवत नाही, वस्तूचा कच्चा माल बनवतो. ती पुरी करायची जबाबदारी घेणाऱ्याची. नवीन छत्री आणली की तिची मूठ तासून त्यांच्या पंजाच्या मापाची होई. मोबाइल आले तेव्हा बायकोला बटणं नीट लागत नाहीत म्हणून त्यांनी प्रत्येक बटणावर दातात भरायच्या सिमेंटचा एकेक ठिपका बसवून दिला. जेवणाच्या खुर्च्यांचे पाय तर घरातल्या प्रत्येकाच्या गुडघ्याचं माप घेऊन कापलेले. पाहुण्यांसाठीच्या दोन खुर्च्या सरासरी माणसाच्या मापाच्या होत्या, पण सरासरी माणूस काही त्यांच्याकडे कधी जेवायला आला नाही. तुमचे आजोबा उंच, त्यांचे गुडघे वरणाच्या वाटीला लागायचे; मी बुटकी, माझी हनुवटी ताटाच्या जरा वर. फक्त डॉक्टरीणबाईंच्या लाटण्याला त्यांना हात लावता आला नाही. लाटणं एका बाजूला जड आहे, असं एकदा म्हणाले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "असू दे. मारायला तीच बाजू बरी पडते."

अशा माणसाने छंद कोणता धरावा? तर नेमबाजीचा. नागपूरला डेंटल कॉलेजात असताना एन.सी.सी.मध्ये त्यांनी पहिल्यांदा रायफल धरली, आणि इथे दवाखान्याचा जम बसल्यावर क्लबात नाव घातलं. तुम्हाला नेमबाजी म्हटल्यावर सिनेमातली धडाधड आठवेल. ही तशी नव्हे. यात माणूस एका चटईवर पालथा पडून राहतो, हजार यार्डांवरच्या, म्हणजे जवळजवळ किलोमीटरभर लांबच्या एका फळ्याकडे बघत बसतो, आणि बराच वेळ काहीच करत नाही. मग एक गोळी झाडतो आणि पुन्हा काहीच करत नाही. आजोबा म्हणायचे की हा खेळ ध्यानधारणेसारखाच आहे, फक्त याला पोलिसांचा परवाना लागतो. परवान्यासाठी दोन भल्या माणसांची शिफारस लागायची, त्यातले एक भले आजोबा. एकदा नूतनीकरणाच्या वेळी पोलीस खात्यातले एक अधिकारी आमच्याकडे चहाला बसले आणि त्यांनी विचारलं, या गृहस्थांना तुम्ही कधी संतापलेलं पाहिलंय का? आजोबांनी प्रामाणिकपणे खूप विचार केला आणि सांगितलं की एकदाच. एका लग्नात टेबल डुगडुगत होतं आणि वेटरने त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली तेव्हा. अधिकारी चहा संपवून गेले. परवाना आला.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं तोवर एका रविवारी आमच्याकडे चहा घेताना डॉक्टरांच्या उजव्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. त्यांनी तो खाली ठेवला आणि डाव्या हाताने उचलला. आजोबांनी, डॉक्टरीणबाईंनी आणि मी, तिघांनीही ते पाहिलं. पुढे तपासण्या झाल्या. हाताचा कंप, जिवाला धोका नाही, पण हळूहळू वाढत जाणारा. ज्या दिवशी निदान झालं त्या दिवसापासून डॉक्टरांनी कोणाच्याही तोंडात हत्यार घातलं नाही. एकाही पेशंटने तक्रार केलेली नव्हती, कोणाला पत्ताही नव्हता. पोलिसांनाही त्यांनी आपणहून कळवलं, पुन्हा तपासणी झाली, आणि आत्ता तरी हरकत नाही असं ठरलं. दवाखाना विकताना ते एका शब्दाने हळहळले नाहीत. पण जिन्यात मला एकटीला गाठून म्हणाले, "वहिनी, दात त्याने नेले ते नेले. रायफल मी त्याला देणार नाही." जणू कंप हा कोणी वसुलीला आलेला माणूस होता.

आणि मग त्यांनी जन्मातली सर्वांत मोठी दुरुस्ती हाती घेतली. हातावर इलाज नव्हता, म्हणून त्यांनी रायफलवर इलाज करायचं ठरवलं. नेमबाजीचा एक प्रकार असतो, त्यात रायफलच्या पुढच्या टोकाला दोन पायांचा स्टँड आणि मागे वाळूची पिशवी लावायची मुभा असते. म्हणजे रायफल जमिनीवर विसावते, आणि माणसाकडे उरतात तीन कामं: गाल टेकायचा, दुर्बिणीतून बघायचं आणि एका बोटाने चाप ओढायचा. त्यासाठी त्यांनी जाड नळीची नवी रायफल घेतली. दुकानदार अभिमानाने म्हणाला की ही डब्यातून काढा आणि थेट मैदानावर न्या. आजोबा तेव्हा त्यांच्याबरोबर गेले होते, ते सांगत की डॉक्टरांनी त्या दुकानदाराकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही दुसऱ्याची कवळी डब्यातून काढून तोंडात घालाल का?"

त्यानंतर वर्षभर त्यांच्या घरात जे चाललं ते मी अर्धं डोळ्यांनी पाहिलं आणि अर्धं डॉक्टरीणबाईंकडून ऐकलं. नळी आणि चाप यांची कामं त्यांनी परवानाधारक कारागिराकडे सोपवली, पण बाकी सगळं स्वतः. दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा भाग, त्यांनी लांब केला, मग आखूड केला, मग अर्ध्या बोटाने पुन्हा लांब केला. त्यात शिशाची वजनं भरली, कारण जड वस्तूला थरथर लवकर पोचत नाही. गाल टेकायच्या जागी कारखान्याने दिलेली सरळ पट्टी त्यांना बघवेना. एकदा मी कोथिंबीर द्यायला गेले, तर डॉक्टर जेवणाच्या टेबलावर दातांचे ठसे घ्यायच्या गुलाबी लगद्यात गाल रुतवून बसलेले. बोलता येत नव्हतं, म्हणून भुवयांनीच त्यांनी माझं स्वागत केलं. डॉक्टरीणबाई शेजारी भेंडी चिरत होत्या. म्हणाल्या, "बसा. पाच मिनिटं सुखाची आहेत, बोलून घेऊ."

आता त्या वर्षीची मुख्य गोष्ट. रायफलचा लोखंडी भाग दस्त्यात जिथे बसतो तिथे केसभर फट असते. गोळी सुटली की लोखंड त्या फटीत जरासं सरकतं, आणि हजार यार्डांवर त्या जराशाचं हातभर होतं. ती फट घट्ट होणाऱ्या रसायनाने भरून काढायची, म्हणजे दस्ता त्या लोखंडाला कवळी हिरडीला बसावी तसा बसतो. डॉक्टरांना हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ वाटला. जन्मभर हेच तर केलेलं. त्यांनी मिश्रण कालवलं, ओतलं, लोखंड त्यात बसवलं, दुसऱ्या दिवशी उचलायला गेले, तर हलेना. अशा कामात आधी लोखंडाला मेणाचा किंवा व्हॅसलीनचा हात द्यावा लागतो, नाहीतर दोन्ही कायमचे एक होतात. हे डॉक्टरांना माहीत नव्हतं असं नाही. पण दवाखान्यात तीस वर्षं हे काम त्यांच्या नर्सने केलं होतं. त्यांच्यापुढे साचा यायचा तो नेहमी हात फिरवलेलाच. साच्यांची जात मुळातच गुळगुळीत असते अशी त्यांची समजूत होऊन बसली होती.

उपाय एकच: कडक थंडी. गारठल्यावर लोखंड आकसतं आणि चिकटलेलं सुटतं. त्यांच्याकडे फ्रीझर लहान, आमच्या गॅरेजमध्ये आडवा, पेटीसारखा. गणपती आठवड्यावर आलेले, आणि त्या फ्रीझरमध्ये मंडळाच्या प्रसादाचा सगळा खोवलेला नारळ, पुरण आणि मटार मी चिठ्ठ्या लावून रचून ठेवलेले. डॉक्टर दारात उभे राहिले ते रायफलची लांब पेटी घेऊन. तिचा बोल्ट, म्हणजे ज्याच्याशिवाय गोळी झाडताच येत नाही तो दांडा, तेवढा घरी कपाटात कुलूपबंद. मी मटार बाहेर काढले. प्लॅस्टिकच्या कितीतरी थरांत गुंडाळलेली ती रायफल नारळावर आडवी झाली आणि झाकण लागलं. मला वाटलं आता ते घरी जातील. पण कायद्याने रायफल परवानाधारकाच्या ताब्यातच राहिली पाहिजे, आणि डॉक्टर कायद्यालाही मापानेच कापत, कमी नाही की जास्त नाही. त्यांनी घडीची खुर्ची मांडली, मफलर गुंडाळला आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फ्रीझरला लागून बसले. मी तिथेच थालीपीठ नेऊन दिलं. डॉक्टरीणबाई मधे एकदा डोकावल्या आणि म्हणाल्या, "बोहल्यावरसुद्धा इतका वेळ माझ्याशेजारी टिकले नव्हते."

संध्याकाळी त्यांनी रायफल बाहेर काढली आणि आजोबांना धरायला सांगून रबरी हातोडीने एक ठोका दिला. टक् असा आवाज झाला आणि लोखंड दस्त्यातून सुटून आलं. आत रसायनात त्याचा ठसा उमटला होता, काचेसारखा. डॉक्टर तो दिव्याखाली धरून कितीतरी वेळ बघत राहिले, आणि मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "बघा वहिनी, एक बुडबुडा नाही." त्यांचा हात थरथरत होता, आणि मी खरं सांगते, इतकं नितळ काम त्याच हातून उतरलं होतं. आम्ही मात्र आठवडाभर रोज मटारची उसळ खाल्ली.

पुढच्या वसंतात आम्ही दोघं मैदानावर गेलो. लंडनबाहेर सरे परगण्यातलं ते सपाट, झाडाझुडपांनी वेढलेलं माळरान. जागोजाग वाऱ्याची निशाणं, एकेक निशाण वेगळ्याच दिशेला फडफडणारं. मला हजार यार्डांवरचा फळा दिसलाच नाही. डॉक्टरीणबाईंनी आपल्या टेलिस्कोपमधून दाखवला. डॉक्टरांना गाडीने त्या स्वतःच आणत, आणि विणकाम करता करता मधेच टेलिस्कोपला डोळा लावत. डॉक्टर पालथे झाले, गाल त्या गालाच्या साच्यात टेकला, आणि मी पाहिलं की त्यांचा हात हलत होता, खांदाही किंचित हलत होता, पण रायफल हलत नव्हती. गोळ्या फळ्याच्या मधल्या काळ्या वर्तुळात लागत गेल्या. बक्षीस कोणा दुसऱ्यालाच मिळालं, पण शेजारचे एक वृद्ध इंग्रज गृहस्थ येऊन वाकून ती रायफल न्याहाळू लागले आणि विचारू लागले की ही कोणत्या कारखान्याची. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं समाधान मी शब्दांत सांगू शकत नाही.

असे तीन-चार उन्हाळे गेले. कंप आपल्या गतीने वाढत होता आणि डॉक्टर रायफल जड करत होते. मग एका शनिवारी ती गोष्ट झाली. त्यांनी चाप ओढायचं ठरवण्याआधीच बोटाने तो ओढला. गोळी समोरच्या मातीच्या बांधात गेली, कोणाला काही झालं नाही, बाकीच्यांना ती एक चुकलेली गोळी वाटली. डॉक्टरांनी बोल्ट उघडला, रायफल चटईवर ठेवली, उठून मैदानाच्या अधिकाऱ्याकडे गेले आणि सांगितलं की मी थांबतो आहे, आजच्यापुरतं नव्हे.

त्यानंतरचा हिवाळा वाईट गेला. आमच्याकडे जेवायला आले, आमचं टेबल चांगलंच डुगडुगत होतं, आणि डॉक्टर त्यावर मुकाट्याने जेवले. आजोबा रात्री मला म्हणाले की हे लक्षण चांगलं नाही. रायफल विकायची म्हणून त्यांनी क्लबात शब्द टाकला होता. पण एका दुपारी आम्ही चौघं त्यांच्याकडे पत्ते खेळत असताना हा विषय निघाला, आणि डॉक्टरीणबाई हातातली पानं नीट लावत म्हणाल्या की विकायची कशाला, मी मारीन. डॉक्टर म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं. त्यावर डॉक्टरीणबाईंनी पानं पालथी ठेवली.

"इतकी वर्षं टेलिस्कोपमधून काय मी पक्षी बघत होते? माझा हात स्थिर आहे. मला वारा कळत नाही, तो तुम्हाला कळतो. आणि वारा बघायला हात लागत नाही." मग त्या म्हणाल्या, "अहो, डोळे तुमचे, बोट माझं. चालेल का तेवढं सांगा."

डॉक्टरांनी आपली पानं बाजूला सारली. मग उठून आत गेले. आम्हाला वाटलं, वाईट वाटलं असेल. ते परत आले ते गुलाबी लगद्याचा डबा घेऊन, आणि बायकोच्या गालाकडे असं बघत, जणू तो त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

सगळं रीतसर झालं. डॉक्टरीणबाई क्लबाच्या सभासद झाल्या, शिकाऊ मुदत पुरी केली, पोलीस पुन्हा घरी येऊन गेले, त्यांच्या नावाचा परवाना आला. शिशाची वजनं निघाली, दस्ता आखूड झाला, दुर्बीण सरकली. रायफल पहिल्यापासून पुन्हा पुरी करावी लागली, आणि डॉक्टरांचा चेहरा पुन्हा माणसात आला. मिश्रण कालवायला आता आजोबा जायचे, व्हॅसलीन लावायला मी.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याबरोबर गेलो होतो. डॉक्टरीणबाई चटईवर, मागे स्टुलावर डॉक्टर, टेलिस्कोपला डोळा लावून. मराठीत चाललेलं ते बोलणं शेजारचे इंग्रज कान देऊन ऐकत होते. "डावीकडे घे. थोडंसं. आता निशाण पडतंय बघ, थांब. थांब गं." वारा मधेच गेला आणि सगळी निशाणं एकदम खाली आली. त्या गाल टेकवून, श्वास रोखून वाट बघत होत्या. त्यांनी विचारलं, "मारू का?" डॉक्टरांनी पुन्हा एकदा सगळी निशाणं पाहून घेतली. मैदान अगदी निवांत झालं होतं, लांब कुठेतरी चंडोल गात होता. मग ते हळूच म्हणाले, "हं. आता."

गोळी कुठे लागली ते आजोबा तुम्हाला सांगतील, त्यांना त्यातलं कळतं. मी मात्र घरी येताना गाडीत मागे बसून विचार करत होते की दिवसभर मी त्या दोघांकडे बघत होते, आणि डॉक्टरांच्या हाताकडे माझं एकदाही लक्ष गेलं नव्हतं.