ताजा हात

बदलीवर कलकत्त्यात होतो तेव्हा ऑफिसच्या टीममध्ये षटकार मारायला मीच, म्हणून बॅट मला जडच हवी होती. सियालदहजवळच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने मी निवडलेली बॅट काढून घेतली आणि एका हाताने वरच्या फळीवर ठेवून दिली.

"सकाळी बॅट निवडू नका, दादा. ताजा हात खोटं बोलतो. ऑफिस सुटल्यावर या."

संध्याकाळी गार्डन रीचच्या ऑफिसातून बसला लोंबकळत आलो. त्याने तीच बॅट मला काढायला लावली आणि एका हाताने समोर धरायला सांगितली. वीस मोजेपर्यंत माझं मनगट लुळं पडलं. मी हलकी बॅट घेतली.

जड बॅट परत ठेवायला त्याने हात उंचावला. दिवसभर उभाच होता बिचारा. बॅट खांद्याच्या वर जाईना. मी पुढे झालो, तर त्याने नको म्हणून मान हलवली आणि बॅट भिंतीला टेकवली.

"सकाळी ठेवीन," तो म्हणाला.