छत्रीवालीचा शेवटचा भाग

मथुराबाई उभ्या आयुष्यात एकदाच ठरवून खोटं बोलली, आणि तेही एका जपानी पोरीच्या भल्यासाठी. निदान बारा वर्षं तिनं स्वतःची समजूत अशीच घातली होती.

घाटंजीपासून चार किलोमीटरवर तिचं गाव. नवरा रामराव, मुलगी दिपाली, पाच एकर वावर आणि त्या वावरात कापूस. गोष्ट दोन हजार पाचची. तेव्हा आपला जिल्हा रोज पेपरात असायचा आणि कशासाठी असायचा ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण पेपरात असलेल्या जिल्ह्यातसुद्धा माणसं सकाळी उठतात, चहा पितात, एकमेकींच्या साडीला नावं ठेवतात. हे पेपरवाल्यांना कोण सांगणार?

वेचणीला मजूर परवडेना, म्हणून गावातल्या सहा जणींनी सावड घातली होती. आज हिच्या वावरात, उद्या तिच्या. सकाळी दव सुकलं की सहाही जणी कमरेला झोळी बांधून एकेका ओळीला लागायच्या. आणि पहिली झोळी भरायच्या आत त्यातली जमनी ओरडायची, "मथुरे, चालू कर वं! काल काय झालं?"

काल काय झालं म्हणजे छत्रीवालीचं काय झालं.

त्या वर्षी केबलची तार गावापर्यंत आली होती आणि रोज संध्याकाळी साडेपाचला एक जपानी कार्टून लागायचं. हिंदीत केलेलं. दिपाली आठवीत होती, ती बघायची. मथुराबाई भाजी निवडता निवडता एका डोळ्यानं बघू लागली, आणि आठवड्याभरात भाजी बाजूला राहून दोन्ही डोळे तिकडे लागले. एका गल्लीत दोन दुकानं, मध्ये एकच भिंत. एकीकडे छत्र्या दुरुस्त करणारी पोरगी, दुसरीकडे घड्याळं दुरुस्त करणारा पोरगा. दोघांच्या आज्यांचं भांडण होतं, ते नातवंडांनी इमानेइतबारे पुढे चालवलेलं. दिवसभर एकमेकांचा उद्धार करायचे. पण पोरीनं आपल्या दुकानात यावं म्हणून पोरगा गुपचूप तिचं घड्याळ बिघडवायचा आणि पोरानं आपल्याकडे यावं म्हणून पोरगी त्याच्या छत्रीला भोक पाडायची. मग दोघंही 'परत कसं काय बिघडलं' म्हणून भांडायला मोकळे. प्रेमाचा शब्द मात्र एकाच्याही तोंडून फुटेना.

बाकीच्या पाच जणी साडेपाचला वावरातून घराकडे वाटेवर असायच्या. मथुराबाईचं घर शिवेलगतच, ती धावतपळत पोचायची. म्हणून सांगायचं काम तिच्याकडे आलं. आणि काय सांगायची! टीव्हीवरची माणसं शुद्ध हिंदीत बोलायची, मथुराबाईच्या तोंडी आली की वऱ्हाडीत भांडायची. जपानी लोक जेवायला काय खातात ते तिला नीट कळेना, म्हणून तिनं छत्रीवालीच्या ताटात सरळ भाकर आणि झुणका वाढला. पण प्रसंग मात्र जसाच्या तसा. "पाह्यलं तेच सांगतो," असं ती ठणकावून म्हणायची, आणि एखादा प्रसंग सुटला असेल तर सुटला म्हणून सांगायची. त्यामुळे तिच्या शब्दावर पाचही जणींचा विश्वास होता.

एकदा लांबून कुठल्याशा वाहिनीची गाडी वावराच्या धुऱ्यावर येऊन थांबली. कॅमेरा खांद्यावर घेतलेला एक आणि माइक घेतलेली एक. त्यांना दुःख हवं होतं. मथुराबाईच्या गोष्टीत नेमकं त्याच वेळी घड्याळवाल्यानं छत्रीवालीच्या आजोबांच्या कवळीला आपल्या गजराच्या घड्याळाचा स्क्रू बसवला होता आणि सहा जणी पोट धरून हसत होत्या. माइकवाली म्हणाली, "ताई, जरा गंभीर व्हाल का?" जमनी म्हणाली, "झालोच असतो बाई, पण आमचा म्हातारा घास चावला का वाजून राह्यला!" ती गाडी दुसऱ्या गावाला गेली. सगळं ठीक होतं असं नव्हे. कापसाच्या भावाचं काय झालं होतं ते त्यांनाही कळत होतं. पण दुपारचा डबा खाताना हसायला कोणाची परवानगी काढायची हे मथुराबाईला कधीच पटलं नाही.

या सहा जणींत सगळ्यात लहान सत्यशीला. वीस वर्षांची, हाताला चपळ, जिभेला त्याहून चपळ. तिचं आणि कपिलचं एक प्रकरण होतं. प्रकरण म्हणजे काय, भांडण. कपिल टेम्पोवर होता, कापसाची गाठोडी घाटंजीला न्यायचा. एकदा त्यानं सगळ्यांदेखत म्हटलं की सत्यशीलाच्या झोळीत कापूस कमी आणि काडीकचराच जास्त. झालं. तेव्हापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. पण टेम्पोचा आवाज आला की तिचा पदर सावरला जायचा, आणि तिचं गाठोडं कपिल सगळ्यात वर, जपून ठेवायचा. हे पाच बायकांना दिसत होतं. दिसत नव्हतं ते त्या दोघांनाच. आणि इकडे तिच्या घरच्यांनी पुसदचं स्थळ धरलं होतं. येत्या रविवारी पाहुणे बघायला येणार होते.

अशात छत्रीवालीचा शेवटचा भाग आला. घड्याळवाल्याला मोठ्या शहरात नोकरी लागलेली. तो स्टेशनवर, गाडी फलाटाला लागलेली आणि छत्रीवाली छत्री घेऊन पळत सुटलेली. दिपालीनं आईचा हात घट्ट धरला होता. रामराव, जे 'पोट्ट्यासोट्ट्याचं कार्टून' म्हणून रोज नाक मुरडायचे, ते दारात चप्पल घालता घालता एका पायावर थांबले होते.

आणि लाईट गेली. पावणेसहा वाजले होते.

भारनियमनाचं वेळापत्रक त्याच दिवशी बदललं होतं.  मथुराबाईनं वीज मंडळाच्या सात पिढ्यांना जे काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो भाग पुन्हा लागेल म्हणून तिनं वाट बघितली, पण वाहिनीनं दुसऱ्याच दिवसापासून तिथं कुस्ती लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात पाचही जणी तिच्याआधी हजर. जमनी म्हणाली, "सांग वं, बोलले का नाई?"

'लाईट गेलती' एवढंच सांगायचं होतं. ते ओठावर आलंही होतं. पण समोर त्या पाच जणी, हातातलं काम थांबवून उभ्या, आणि तिला वाटलं, वर्षभरात यांना दुसरं काय मिळालं? तिच्या तोंडून निघालं, "बोलली! छत्रीवालीच बोलली!"

मग ती सुटलीच. "पोट्टी धावतच डब्यापाशी गेली. छत्रीची मूठ अशी त्याच्या छातीवर ठेवली अन् म्हणे, अरे दगडा, साऱ्या गावाचे घड्याळं दुरुस्त करतं, तुले वेळ समजत नाई काय? मले तू पाह्यजे. आता बोल, नाई तर जाय!"

"मंग?" जमनी.

"मंग काय, उतरला पेटी घेऊन!"

जमनीनं टाळी वाजवली. कोणीतरी डोळे पुसले. बायका विचारतील की काल तर लाईट नव्हती, तू कसं पाहिलंस, म्हणून मथुराबाईनं उत्तर तयार ठेवलं होतं. घाटंजीला भावाकडे गेलते, त्याच्याकडे जनरेटर आहे, असं. पण कोणी विचारलंच नाही. थकूनभागून घरी येतात बिचाऱ्या, लाईट कधी गेली कधी आली कोणाच्या लक्षात राहतं, असं म्हणून ती आपल्या नशिबावर खूश झाली.

त्या संध्याकाळी टेम्पो आला. सत्यशीला आपलं गाठोडं घेऊन थेट कपिलसमोर गेली, ते त्याच्या पायाशी आपटलं आणि पाचही जणींच्या समोर म्हणाली, "उघडून पाय. एक काडी निघाली तर बोल. नाई निघाली तर रविवारच्या आंधी माह्या बापाले येऊन भेट."

कपिलनं गाठोडं उघडलंच नाही. शनिवारी सकाळी तो नवा शर्ट घालून तिच्या बापाकडे गेला. उन्हाळ्यात लग्न झालं. सावडीतल्या बायकांनी मिळून आहेर केला, तो भांडं नव्हे की साडी नव्हे, एक लाल छत्री. पुढे ती चालच पडली. सहा जणींपैकी कोणाच्याही घरी लग्न निघालं की छत्री. दिपालीलाही मिळाली. तिच्या सासरचे बुचकळ्यात पडले, तर ती म्हणाली, आमच्याकडे अशीच पद्धत आहे.

बारा वर्षं गेली. सावड कधी मोडली, कधी पुन्हा जुळली. गुलाबी बोंडअळी आली त्या वर्षी बोंडं किडकी निघाली, वेचणी लवकरच आटोपली आणि बायका घरी बसल्या. अशा वेळी एक दिवस सत्यशीला मोबाईल नाचवत मथुराबाईच्या अंगणात आली. "मावशी, छत्रीवाली सापडली! नेटवर तिच्या नावाचा ग्रुप हाये, शेकडो लोक हायेत वं, अजून तिचीच याद काढून राह्यले. कोणी दिल्लीचा, कोणी कुठल्या कुठला. त्याच्या छत्रीले किती भोकं पाडले ते बी एकानं मोजून ठेवले. मले वाटे आपणच येडे होतो! अन् आयका, शेवटचा भाग भेटला. रविवारी दुपारी साऱ्याजणी माह्या घरी या. मी सांबारवड्या तळतो."

मथुराबाई तोंडानं 'बरं' म्हणाली. सत्यशीला गेली तशी तिनं दिपालीला फोन लावला.

"आई, बारा वर्षं झाली त्याले. कार्टून होतं ते."

"तुले कार्टून दिसून राह्यलं. तिनं माह्या बोलण्यावर लगन केलं वं! त्यात ती गाडी निघून गेली असली तर? दोघं एकमेकाले विसरले असले तर? ती म्हणंन, मथुरामावशीनं मले फसवलं."

"मग तू आधी जाऊन सांगून टाक."

सांगून टाक. पोरींना सगळं सोपं वाटतं. तीन दिवस मथुराबाईला अन्न गोड लागलं नाही. सत्यशीलाचं आणि कपिलचं बरं चाललं होतं, भांडणं होती तीही चांगल्या प्रकृतीची. तरी त्या संसाराच्या पायात आपण एक खोटा दगड ठेवलाय, असं तिच्या मनानं घेतलं होतं. आणि खरं सांगायचं तर दुसरीही भीती होती. 'पाह्यलं तेच सांगतो' हे तिचं वाक्य गावात चालत होतं. तेच गेलं तर तिच्याजवळ काय उरलं?

रविवारी ती सगळ्यांच्या तासभर आधी पोचली. सत्यशीला कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळत कढईसमोर बसली होती. मथुराबाई उंबऱ्यातच उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "मी तो भाग पाह्यलाच नाई. लाईट गेलती. म्या मनानं सांगितलं."

सत्यशीलानं वडी परतली. "माहीत हाये."

"काय माहीत हाये?"

"मावशी, लाईट तुमच्या एकट्याच्या घरची गेलती काय? मी घरी पोचलो त साऱ्या गावात अंधार. तुमच्या घरातून तुमच्या शिव्या आयकू येऊन राह्यल्या होत्या. चौकापर्यंत!"

मथुराबाईनं पाट ओढून घेतला. "म्हणजे साऱ्याजणीले?"

"साऱ्याजणीले. तुमच्या आंधी वावरात आलो, तवा तेच बोलून राह्यलो होतो. तिनं पाह्यलं त नसंन, तरी इचारून पाहू, म्हणे जमनीकाकू. अन् तुम्ही आल्या त सांगालेच लागल्या!"

"मग तू बोलली काहून नाई तवा?"

सत्यशीलानं झारा बाजूला ठेवला. तिचा आवाज जरा खाली आला. "कारण सांगताना तुम्ही माह्याकडंच पाहून राह्यल्या होत्या. मले वाटलं, छत्रीवालीचं निमित्त करून मावशी मलेच सांगून राह्यली. माही माय असं कवा बोलली नसती, मावशी. तिनं पुसदवाल्याच्या चहाची साखर बी आणून ठेवली होती."

मथुराबाईला ते कधी सुचलंच नव्हतं. आपण तिच्याकडे बघत होतो? असू. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं कढईच्या धुरावर ढकललं.

मग बाकीच्या आल्या. मोबाईल डब्याला टेकवून उभा केला. सहा डोकी एकमेकींवर आदळत होती आणि मागे दाराच्या चौकटीत कपिल उभा होता. स्टेशन आलं. पळणारी पोरगी आली. बारा वर्षांपूर्वी जिथं अंधार झाला होता तो फलाट आला आणि पुढे सरकला.

घड्याळवाल्यानं जाताना स्टेशनचं घड्याळ बंद पाडून ठेवलं होतं. गाडी खोळंबली. पोरगी पोचली. तिनं छत्री उघडली, तो पेटी खाली ठेवून छत्रीत आला. दोघं नुसते उभे राहिले. पाऊस पडत राहिला, आणि संपलं.

"बोलले काहून नाई?" जमनी भडकली. "बावन्न दिवस आपल्याले ताटकळत ठेवलं अन् एक शबूद नाई? मांगं घे वं, सुटलं असंन काही."

मागे घेतलं. काही सुटलं नव्हतं.

"चांगलं हाये की," कपिल म्हणाला. "न बोलता समजलं त्याईले."

"तू चूप राय," सत्यशीला म्हणाली. "तुह्या भरवशावर ठेवलं असतं त मी आता पुसदले असती."

कपिल हसला आणि ताटलीतली वडी उचलून पसार झाला.

जमनीनं मोबाईल उचलून पालथा घातला. "ठेवा हे बाजूला. मथुरे, तू सांग. आपलं वालं."

सगळ्या तिच्याकडे वळून बसल्या, पूर्वी वावरात ओळीत उभ्या राहायच्या तशाच. कोणाचे केस पिकले होते, एकीला चष्मा लागला होता. मथुराबाईनं पदर सावरला, घसा खाकरला आणि सवयीनं 'पाह्यलं तेच सांगतो' म्हणायला तोंड उघडलं. मग थांबली.

"आयका," ती म्हणाली, "मी पाह्यलं नाई. पण झालं असंच."