उजवं बटण

डब्यांचा कारखाना चालू होता तोवर त्याला शिव्या न घालणारा माणूस गावात शोधून सापडला नसता. तो बंद पडला आणि दहा-बारा वर्षांत त्याचंच संग्रहालय झालं. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! जुन्या टाइम ऑफिसच्या दोन खोल्या रंगवल्या, हजेरीचं घड्याळ, मुकादमाच्या शिट्ट्या आणि गंजलेले डबे काचेत मांडले, आणि मधोमध झाकणं कापायचा प्रेस उभा केला. त्याला हिरवा रंग फासून वर पाटी लावली: 'प्रेस क्रमांक चार. तीस वर्षांत एकही अपघात नाही.'

या प्रेस क्रमांक चारनं आठबोटीची दोन बोटं खाल्ली होती.

आठबोटी हे काही तिचं नाव नव्हे. पण गाव तिला त्याच नावानं ओळखायचं, आणि तोंडावर तसं म्हणायलाही कुणाला लाज वाटत नसे. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलेलं. भांडी, शिवण, नातीची वेणी, सगळं उरलेल्या तीन बोटांवर चालायचं. वेणी तर ती इतकी घट्ट घालायची की नात किंचाळायची.

ही नात पाचवीत. शाळेनं पोरांना संग्रहालय दाखवायला नेलं, तेव्हा प्रेससमोर उभं राहून ती ऐटीत म्हणाली, "माझ्या आजीची बोटं या मशीननं तोडली." बाईंनी तिलाच पाटी मोठ्यानं वाचायला लावली. पोरं फिदीफिदी हसली, आणि त्या दिवसापासून वर्गात तिचं नाव पडलं थापाडी.

घरी येऊन तिनं दप्तर भिरकावलं. "आजी, तू मला खोटं सांगितलंस?"

गावानं आठबोटीला काय काय म्हटलं होतं आणि तिनं ते एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिलं होतं. पण हे जिव्हारी लागलं. नवरा गेल्या वर्षी वारला. मुलगा आणि सून दिवस उजाडताच कामाला जात ते दिवेलागणीला परतत. आठबोटीला उरली होती ती ही पोर. तिनंच आपल्याला खोटारडी म्हणायचं, मग जगायचं कुणाच्या तोंडाकडे बघून?

"रविवारी चल माझ्याबरोबर," आजी म्हणाली. "दाखवते."

संग्रहालय सांभाळायला होता कारखान्याचा जुना टाइमकीपर. तेव्हा कामगारांची हजेरी मांडायचा, आता पाहुण्यांची. "या या, वहिनी! नातीला घेऊन आलात? छान केलंत."

"भाऊजी, ती पाटी बदला."

"कोणती?"

"कोणती ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. त्या दिवशी तुम्हीच माझ्या हाताला फडकं गुंडाळलं होतंत."

टाइमकीपरनं चष्मा काढून पुसला. "वहिनी, माझ्या सांगण्याला काय किंमत? संग्रहालय कागदावर चालतं."

त्याच्या नादी न लागता आजीनं नातीला प्रेसकडे ओढलं. "ही दोन बटणं बघ. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा साचा खाली येतो. म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. आता डावं दाब." नातीनं दाबलं. बटण आत गेलं, वर आलं. "आता उजवं." उजवं आधीच आत गेलेलं होतं, ते हलेना. "रंगाखाली नख घाल. पत्र्याची पाचर लागते का? ती ठोकली की एकट्या डाव्या हातानं मशीन चालायचं. उजव्यानं पत्रा सरकवत राहायचं. काम भराभर उरकायचं."

नातीनं नखानं रंग खरवडला. पाचर चमकली. "आजी! म्हणजे खरंच!" तिनं आजीचा तो थोटा हात दोन्ही हातांत धरला. आजीला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. तेवढ्यावर ती निघाली असती तर बरं झालं असतं.

"अहो, मग बटण तुम्हीच दाबून ठेवलं होतंत की!" टाइमकीपर मागून म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा! "चूक तुमचीच ठरते."

"पाचर मी नाही ठोकली."

"मग कोणी?"

कोणी ते त्याला पक्कं माहीत होतं. तरी त्यानं पोरीसमोर विचारलं. आजीनं नातीला दाराकडे वळवलं. तेव्हा त्यानं कपाटातून एक फाइल काढली आणि पिवळा कागद नातीपुढे धरला. "वाच गं बाळ."

नात वाचू लागली. "माझी दोन बोटं घरी लाकडं फोडताना तुटली. त्यात कारखान्याचा काही संबंध नाही. हे मी राजीखुशीनं लिहून देत आहे." खाली आजीची डाव्या हातानं केलेली वेडीवाकडी सही होती.

तो कागद नवऱ्यानं दवाखान्यात आणला होता, दुसऱ्याच दिवशी. नवरा कारखान्यात फिटर. पाचर त्यानंच ठोकलेली, "दोन्ही हात कशाला अडकवून ठेवतेस?" म्हणत. अपघाताची नोंद झाली नाही तर मुकादम करतो, असा शब्द साहेबानं त्याला दिला होता. "दोनच तर गेली, आठ आहेत ना!" तो म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची." मूठ झाकायला बोटं लागतात, एवढंही त्या शहाण्याला सुचलं नाही. ती "बरं" म्हणाली आणि सही केली. तो पुढं अठरा वर्षं शिट्टी फुंकत फिरला. नातीला तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं, कारण पोरीचा आजोबांवर भारी जीव होता.

नात वाचून झाल्यावरही कागदाकडेच बघत होती. प्रत्येक ओळीवर आधी पट्टीनं रेघ मारलेली आणि मग अक्षरं खाली टांगलेली. असं लिहायला तिला आजोबांनीच शिकवलं होतं. तिच्या सगळ्या वह्या तशाच होत्या.

"हे आजोबांचं अक्षर आहे."

आजोबा कारखान्यात फिटर होते हे तिला ठाऊक होतं; तिनं नजर उचलून प्रेसच्या उजव्या बटणाकडे पाहिलं.

"पाचरपण त्यांनीच ठोकली?"

आजीला नाही म्हणता आलं असतं. पण पोरीनं आपल्यावर विश्वास ठेवावा म्हणून तर ती इथवर आली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. "हो," ती म्हणाली.

टाइमकीपरनं कागद पुन्हा फाइलमध्ये लावला आणि चहा घेणार का म्हणून विचारलं. वाटेत नातीनं आजीचा हात धरला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती मात्र हसत. वेणी सुटली होती म्हणून आजीपुढे पाठ करून बसली.

"बाईंनी मला शाबासकी दिली, आजी."

"कशाबद्दल गं?"

"खरं बोलल्याबद्दल. मी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, मशीनचं मी उगाच म्हटलं होतं. आजीची बोटं घरी लाकडं फोडताना तुटली."

आजीचा हात केसांतच थांबला. "अगं, पण तुला तर आता माहीत आहे..."

"आहे ना माहीत. पण आजोबांचं नाव खराब होईल." तिनं मान वळवून आजीकडे पाहिलं. "तूपण आता कुणाला सांगू नकोस हं."

"बरं," आजी म्हणाली, आणि तीन बोटांनी वेणी घालू लागली.