उष्टा प्याला

चर्चमधल्या प्रभुभोजनाचा प्याला ओठाला लावायची मला अजून किळस येते. सगळ्यांना एकच प्याला, अन् हातोहात फिरताना त्यात सगळ्यांच्या मिशा बुडायच्या. माझ्या माहेरच्यांनी ख्रिस्ती होताना देव सोडले, जात सोडली; भांड्याला तोंड न लावता वरून पाणी प्यायची सवय मात्र सोडली नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. चिखलीजवळच्या सासरगावी पहिल्याच प्रभुभोजनाला मी, मोठी शहाणी, तो प्यालाही वरूनच प्यायला गेले. उकळलेल्या मनुकांचा काळा रस नाकात गेला, लुगड्यावर सांडला. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. सासूनं घरी आल्यावर विचारलं, माहेरी प्रभूलाही लांबूनच वाढता का? तेव्हापासून प्याला कोरा मिळावा म्हणून मी पहिल्या रांगेत बसायचे. गावात माझं भक्तीण म्हणून नाव झालं.

मग गोवरात माझी लेक गेली. नुकती पावलं टाकू लागली होती. समजूत घालायला आलेल्या बाया आमचाच चहा फुरकत सांगायच्या, देवाला त्याच्या बागेत फूल हवं होतं. चोळीला आंबलेल्या दुधाचा वास, पोटात घास ठरेना. असल्या देवाच्या दारात जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

एका रविवारी सासूनं ओढतच नेलं. मी मागे दाराशी बसले, प्याला आला की उठून कायमचं चालतं व्हायला. शेजारी तपकीर ओढणारी म्हातारी होती. आपली सगळी लेकरं तिनं पुरली होती. ती प्यायली, नाकाचा थेंब प्याल्याच्या काठावर पडला, तो तिनं त्याहून मळक्या पदरानं पुसला आणि प्याला माझ्यापुढे धरला. मी तोंड फिरवलं.

"मलेबी जात नव्हतं," ती हळूच म्हणाली. "पी वं पोरी. क्रुसावर त्यानं साऱ्या जगाचं उष्टं पेलं, अन् तुले एका म्हातारीचं जात नाही?"

फुलाबिलाचं ती काही बोलली नाही, म्हणूनच मी ओठ लावले असतील. तपकिरीची चव. ओकारी गळ्यापर्यंत आली आणि खाली गेली. ज्यानं एवढी घाण गिळली त्याच्यापाशी माझी पोर सुखरूप असेल, कधीतरी मला भेटेल, असं तिथे दाराशीच वाटलं. उठायचं राहूनच गेलं.

घरी येऊन मी भाकर मागितली.

"ताटात वाढू का वरून टाकू?" सासू म्हणाली.

तपकिरीचा वास मात्र संध्याकाळपर्यंत तोंडातून गेला नाही.