हलकं हेल्मेट

पिंगळीत आमची थोडी शेती आहे. तिच्या जोडीला मी आणि माझी धाकटी जाऊ, आम्ही दोघी मसाला करून विकतो. काळा मसाला आणि येसर. येसर म्हणजे गहू, हरभऱ्याची डाळ, धने असं सगळं भाजून दळलेलं पीठ. आमच्याकडं कार्यातली आमटी त्याच्याशिवाय होत नाही.

कामं आम्ही आधीपासून वाटून घेतलेली होती. जाऊ निवडायची, उन्हात घालायची, कांडपावर नेऊन आणायची. भाजणं माझं. कढईसमोर मी कुणाला बसू देत नसे. खोबरं कधी उतरवायचं, धने कधी, दगडफुलाला किती धग दाखवायची, हे मला वासावरून कळायचं. जाऊनं कधी विचारलं, "अक्का, कसं वळखायचं?" तर मी म्हणायची, "वास सांगतो की." यापलीकडं मला सांगताही येत नव्हतं.

तयार मसाला परभणीला आणि पूर्णेला पोचवायला मी स्कूटी शिकले. परभणीत शिरताना पोलीस अडवायला लागले, तेव्हा हेल्मेट घ्यायचं ठरलं. रस्त्याच्या कडेला एक मामा हेल्मेटं विकायचे. दोन झाडांना दोरी बांधून तिच्यावर लाल, काळी, निळी हेल्मेटं लटकवलेली असायची. मी तिथंच थांबले. आधी एक मोठं घालून बघितलं तर कान दाबले गेले आणि अंबाडाही आडवा आला. मग मामांनी एक निळं काढून दिलं.

"हे बगा ताई. फुलावानी हलकं हाय. घातलंय हे ध्यानातबी ऱ्हात न्हाई."

खरंच राहत नव्हतं. मागं गोल शिक्का होता, समोर काच होती, हनुवटीखाली पट्टा होता. अजून काय बघायचं असतं, हे मला कुठं माहीत होतं? मी ते रोज घालायची. गावातल्या बाया हसायच्या, तरी घालायची. पट्ट्याचं लॉक टक्कन वाजल्याशिवाय मी चावी फिरवत नसे.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी मी मसाल्याच्या पिशव्या घेऊन परभणीला निघाले होते. रस्त्याचं काम चाललं होतं, कडेला खडी पडलेली होती. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. त्याला वाट द्यायला मी गाडी कडेला घेतली आणि पुढचं चाक खडीत सरकलं. वेग काही फार नव्हता. कुणी लांबून पाहिलं असतं तर बाई गाडीवरून उतरतेय असंच वाटलं असतं.

मला आठवतं ते एवढंच की एक निळं हेल्मेट माझ्या पुढं घरंगळत चाललं होतं आणि मी जमिनीवरून त्याच्याकडं बघत होते. मला वाटलं, हे कुणाचं पडलं? मग डोक्याच्या मागं गरम लागलं.

ट्रॅक्टरवाल्यानं आणि खडीवर काम करणाऱ्या बायांनी मला उचललं. एकीनं आपला रुमाल माझ्या डोक्याला बांधला. परभणीच्या दवाखान्यात टाके पडले, डोक्याचा फोटो निघाला. आत थोडी सूज होती म्हणून काही दिवस ठेवून घेतलं. हात-पाय शाबूत, बोलणं शाबूत, माणसं ओळखू येत होती. सगळे म्हणाले, वाचलीस. मलाही तसंच वाटलं. दवाखान्यातला चहा पांचट लागायचा, पण तो सगळ्यांनाच पांचट लागतो.

घरी आल्यावर कळलं. मी चुलीपाशी भिंतीला टेकून बसले होते. जाऊ अंगणातून पळत आली.

"अक्का, दूध लागलं की वो! साऱ्या वाड्यात वास सुटलाय, आन् तुमी हितंच बसल्यात!"

पातेल्याच्या बुडाला काळं धरलं होतं. मी वाकून नाक जवळ नेलं. वाफ लागली, वास आला नाही. मग मी उठले. डब्यातून हिंग काढला, लवंग चुरगळली, रॉकेलची बाटली उघडली. जाऊ माझ्याकडं बघत उभी होती. मी शेवटी कापूर घेतला. कापूर नाकात गार लागला, पण त्याचाही वास नव्हता.

त्या दिवशी मी रडले नाही. जाऊ रडली.

टाके दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी एकेक बाटली हुंगायला दिली आणि मान हलवली.

"मागून मार बसला की मेंदू आतल्या आत हलतो," त्या म्हणाल्या. "नाकाच्या वरच्या बाजूला वासाचे अगदी बारीक धागे असतात. त्या हिसक्यात ते तुटतात."

"परत येतेत का?" नवऱ्यानं विचारलं.

"कधी येतात. कधी थोडे येतात. कधी येतच नाहीत. वाट बघावी लागेल."

"पर डॉक्टर, हिच्या डोक्यात हेल्मेट व्हतं की!"

"पडताना होतं," त्या म्हणाल्या. "आपटताना नव्हतं. चांगलं असतं तर काहीच झालं नसतं, असं मी सांगणार नाही. पण डोक्यावर राहील तरच त्याचा उपयोग ना."

घरी येऊन नवऱ्यानं ते हेल्मेट अंगणात घेतलं आणि पत्रा कापायच्या करवतीनं मधोमध कापलं. फारसा जोरही लावावा लागला नाही. आत कापडाखाली बोटभरसुद्धा नसलेला स्पंज निघाला, खुर्चीच्या गादीत असतो तसला. मागचा शिक्का त्यानं नखानं काढला तर कागदासारखा सोलून आला.

"बरण्यांच्या खोक्यात याच्याहून जाड थर्माकोल असतंय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो मामांशी भांडायला निघाला. मी म्हटलं, मी पण येते. मला भांडण नको होतं, पण त्यानं एकट्यानं जाणंही नको होतं.

मामांनी मला ओळखलं. डोक्याची पट्टी बघून ते उठून उभे राहिले. नवऱ्यानं दोन फाका त्यांच्यासमोर ठेवल्या.

"ह्येच्यात हाय काय मामा? कामून इकता असलं?"

"ताई, लॉक लावलं व्हतं का?" त्यांनी मला विचारलं.

"लावलं होतं. वाजलं होतं."

मामांनी दोरीवरचं एक हेल्मेट काढलं, त्याचं लॉक लावलं आणि दोन्ही हातांनी हिसका दिला. लॉक टिकलं. "बगा," ते म्हणाले. मग दुसरं घेतलं. पहिल्याच हिसक्याला ते उघडलं. तिसरं टिकलं. चौथं त्यांनी हातात घेतलं आणि हिसका न देताच खाली ठेवलं.

"मी बी ह्येच घालतो," ते हळू आवाजात म्हणाले आणि मोटारसायकलच्या आरशाला अडकवलेलं स्वतःचं हेल्मेट दाखवलं. तसंच होतं, फक्त काळं. "लोक येतेत, म्हणतेत पोलिसानं धरू नये असलं द्या. मी देतो. डोस्क्याचं कुनी इचारलंच न्हाई."

राग कुठं ठेवावा हे नवऱ्याला कळेना. मामा मला दुसरं हेल्मेट फुकट द्यायला लागले. मी नको म्हटलं. त्यांनी पाणी दिलं, ते प्यायलो आणि घरी आलो.

पुढं मसाल्याचा प्रश्न उभा राहिला. लगीनसराई तोंडावर आली होती आणि येसरची मागणी सुरू झाली होती. मी कढईसमोर बसले. मिरची टाकली की ठसका यायचा, डोळ्यांत पाणी यायचं, म्हणजे नाक अगदीच मेलं नव्हतं. पण तिखटाचं झोंबणं म्हणजे वास नव्हे. पहिल्याच दिवशी मी धने करपवले. चव घेऊन बघावी तर तोंडालाही काही लागत नव्हतं, खारट-आंबट सोडून.

मी झारा खाली ठेवला आणि जाऊला म्हटलं, "तू बस."

"मला न्हाई जमायचं, अक्का."

"मी हाय ना शेजारी. तुला काय वास यायलाय ते फकस्त सांगत जा."

तिला सांगता येईना. "चांगला यायलाय," एवढंच म्हणायची. मी चिडायची. म्हणायची, चांगला म्हणजे कसला? मग तीही चिडायची. एकदा ती झारा आपटून उठून गेली आणि दारातून म्हणाली, "इतकी वर्षं मला हितं बसू दिलं का कवा? आता म्हनतेत सांग!" तिचं खरं होतं. संध्याकाळी ती स्वतःच परत येऊन बसली.

हळूहळू तिला शब्द सापडायला लागले. "आता कच्च्या गवतावानी यायलाय. आता लाकडाच्या भुशावानी. थांबा, आता गोड झाला, अक्का, गोड!" "उतरव," मी म्हणायची. खोबऱ्याला ती म्हणायची, "लेकराच्या टाळूवानी." हे मला कधी सुचलं नसतं, आणि ते इतकं बरोबर होतं की मला क्षणभर वास आल्यासारखंच वाटलं. मीही दुसऱ्या खुणा शोधल्या. तीळ किती तडतडले, डाळ झाऱ्यावर कशी वाजते, तमालपत्र बोटांत कसं मोडतं. त्यानंतर त्या हंगामात एकही घाणा वाया गेला नाही.

स्कूटी मात्र अंगणात झाकून ठेवलेली होती. नवरा म्हणायचा, इकून टाकू. मी म्हणायची, चालवीन. शेवटी तो मला परभणीतल्या एका दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं डोक्याला टेप लावून माप घेतलं. हेल्मेटचंही माप असतं, हे मला तेव्हा कळलं. त्यानं आतलं कापड बाजूला करून जाड, टणक थर दाखवला, पट्टा लावून हेल्मेट मागून पुढं ढकलून बघितलं, डोक्यावरून निघतं का ते.

"सगळ्यात महाग घ्यायचं का?" नवऱ्यानं विचारलं.

"गरज न्हाई. साधं घ्या, पण खरं घ्या," तो म्हणाला. "शिक्का खरा पाहिजे, माप बरोबर पाहिजे, पट्टा घट्ट पाहिजे."

ते जड होतं. पहिले काही दिवस मान भरून यायची. अंबाडा सोडून मी वेणी घालायला लागले. आम्ही आणखी एक घेतलं, जाऊसाठी, कारण आता पोचवायला आम्ही दोघी जातो. मागं बसणाऱ्या बाईनं हेल्मेट घातलेलं आमच्या गावानं पाहिलेलं नव्हतं. पारावरची माणसं म्हणाली, "चंद्रावर चालल्या का?" जाऊ म्हणाली, "पूर्णेला. यायचं का?"

वास थोडा आला आहे. सगळा नाही. साबणाचा येतो, ओल्या पोत्याचा येतो, शेणाचा कधी कधी. भाजलेल्या धन्यांचा नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, आला तेवढा आला.

परवा पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आमच्या जुन्या गिऱ्हाईक बाईंकडं गेलो होतो. त्यांनी दारातच पुडा फोडला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"यंदाचा मागच्यापेक्षा सरस झालाय," त्या मला म्हणाल्या. "तुमच्या हाताला तोड नाही हो."

"माझा हात न्हाई," मी म्हटलं. "तिचा हाय."

जाऊ स्कूटीपाशी उभी होती, डोक्यात हेल्मेट, पट्टा लावलेला. तिला काही ऐकू गेलं नव्हतं.

"काय म्हणायल्या त्या?" तिनं तिथूनच ओरडून विचारलं.

मी जवळ गेले, तिच्या हेल्मेटची काच वर केली आणि सांगितलं.